कोंडलेली पट्टी

जरा जवळ ये, रेणू. कागदातून कशी जवळ येऊ म्हणून हसू नकोस. फोन पालथा ठेव, चष्मा लाव आणि बस. मला भांडायचंय तुझ्याशी. परवा किती सहज म्हणालीस, "आजी, गच्चीवरची ती पांढरी पेटी भंगारवाल्याला देऊन टाक की, वाळवणाला जागा होईल." माझ्या वाळवणाची काळजी तुला कधीपासून लागली? गेल्या खेपेला आलीस, दोन तास बसलीस, चहा अर्धा टाकलास आणि गच्चीचा जिना चढलीसुद्धा नाहीस. आणि पुण्यात बसून माझ्या गच्चीवरचं सामान हलवतेस.

ती पेटी बिराजदार मास्तरांची. तुला आठवतात ते. आधी तू त्यांना पट्टीवाले आजोबा म्हणायचीस, मग नुसतं पट्टीवाला म्हणायला लागलीस, आणि मी तुला कधी टोकलं नाही. का टोकलं नाही तेच आज लिहिणार आहे. पण आधी तो माणूस कसा होता ते ऐक, कारण तू त्यांना फक्त रागातून बघितलंस. मीही वैतागातूनच बघितलं म्हणा. पण माझा वैताग जवळून होता.

तू आठवीत होतीस, वैरागहून शाळेसाठी माझ्याकडं आलेली, तेव्हा ते वरची खोली बघायला आले. भाडेकरू खोली बघायला आला की नळाला पाणी किती वेळ, मीटर वेगळं आहे का, असं विचारतो. हे दारातच थांबले, खोलीकडं पाठ केली आणि म्हणाले, "अक्का, गच्चीवर ऊन किती वाजेपर्यंत असतं?" मी म्हटलं, सोलापूर आहे हे, ऊन जातंय कुठं? तर खिशातून वही काढून त्यांनी ते लिहून घेतलं. खोलीत न्हाणीघर कुठं आहे हे त्यांना चार दिवसांनी कळलं.

त्यांना मास्तर मी म्हणायचे. त्यांनी आयुष्यात एक तास शिकवला नव्हता. कॉलेजच्या रसायनाच्या प्रयोगशाळेत मदतनीस होते, बाटल्या धुणे, यंत्रं दुरुस्त करणे हे काम. मूळचे अक्कलकोटकडचे, घरात कानडी. मराठी बोलताना मधेच "इर्ली बिड्री" म्हणायचे, म्हणजे राहू द्या. पण स्वतः मात्र एकही गोष्ट कधी राहू द्यायचे नाहीत. बायको लवकर गेली, मूलबाळ नाही. सगळा जीव एका यंत्रावर.

यंत्र म्हणजे काय, तर कॉलेजात कुणा मोठ्या शास्त्रज्ञाचं काहीतरी काम चालू होतं, ते संपलं आणि यंत्र कोपऱ्यात पडलं. यांनी साहेबांच्या सह्या गोळा करून ते घरी आणलं. आतला पंप मेलेला, तर मासे पाळायचं सामान मिळतं त्या दुकानातला पंप बसवला. दिवसभर टुकटुक टुकटुक. मी खाली भाकरी थापताना त्याच तालात थापायला लागले, हे माझ्या उशिरा लक्षात आलं.

ते काय मोजायचं ते मी शंभरदा ऐकलंय, तू एकदा ऐक. गाड्यांचा धूर, कारखान्यांचा धूर हवेत सुटतो. त्यावर ऊन पडलं की त्यातून तिसरंच काहीतरी तयार होतं, ओझोन नावाचा वायू. तो दिसत नाही. आभाळात लांब वर असला तर आपल्याला छत्री, खाली आपल्या नाकाशी आला तर छातीला चावतो. मास्तर म्हणायचे, "धूर हा नुसता कच्चा माल, अक्का. कारखाना म्हणजे ऊन." आणि तो माल सकाळी नाही, दुपार कलल्यावर तयार होतो, कारण उन्हाला काम करायला वेळ लागतो.

एवढं सांगून गप्प बसले असते तर चाललं असतं. पण त्यांनी दुपारी बारा ते चार माझ्या फोडणीवर बंदी घातली. तेलाच्या वाफेनं यंत्र बिथरतं म्हणे. मी म्हटलं, माझं स्वयंपाकघर आधीचं, तुमचं यंत्र नंतरचं. तर म्हणाले, बरोबर आहे तुमचं, आणि दुसऱ्या दिवशी स्वतः जिन्यात उभे राहून माझ्या खिडकीच्या दिशेनं पुठ्ठ्यानं वारा घालू लागले. शेंगाची चटणी कुटताना शेंगदाणे भाजायचे तर मी सकाळी सहाला भाजायचे, चोरासारखी, स्वतःच्या घरात. कपड्यांची दोरी त्यांनी काढून पलीकडं बांधली, पेटीत जाणारं वारं ओल्या चादरीनं अडतं म्हणून. काळी छत्री होती त्यांच्याकडं. मे महिन्यात टकलावर ऊन घेत ती छत्री यंत्रावर धरून बसायचे.

आता पेटी. यंत्राला वीज लागते, ते कुठं नेता येत नाही. म्हणून मास्तर कागदाच्या पट्ट्या वापरायचे, लई जुनी रीत आहे म्हणे. कागदाला पिठुळ खळ लावून वाळवायचा, त्याच्या बोटभर पट्ट्या कापायच्या. टांगताना वर एका औषधाचे दोन थेंब टाकायचे. हवेत ओझोन असला की पट्टी जांभळी होत जाते. जेवढा जास्त तेवढी गडद. पट्टी उन्हात टांगायची नाही, उन्हानं ती आपली आपणच बिघडते. म्हणून ती पांढरी पेटी, तिरप्या फळ्यांची, आत वारं जाईल पण ऊन जाणार नाही अशी. "ऊन नाही मोजायचं आपल्याला," ते म्हणायचे, "उन्हानं केलेलं मोजायचंय."

आणि त्यांचे दोन नियम. पहिला, एक पट्टी टांगली की दुसरी, तसेच दोन थेंब टाकून, स्टीलच्या डब्यात घट्ट झाकून ठेवायची. तिला ते कोंडलेली पट्टी म्हणायचे. ती पांढरीच राहायला हवी. ती राहिली तरच टांगलेलीवर विश्वास. दुसरा नियम, पट्टी टांगली की तासभर तिच्याकडं बघायचं नाही. "बघत बसलं की पाहिजे ते दिसतंय," म्हणायचे. मी त्यांना म्हटलं, तुम्ही लग्नात मुलगीपण अशीच बघितली असेल. तर गंभीर चेहऱ्यानं म्हणाले, हो, तासभर पाठ करूनच बसलो होतो, लाजून.

रंग जुळवायला त्यांनी एक पुठ्ठा रंगवला होता, एक ते सहा आकडे. मी बघितला आणि फेकून दिला. अगं, टॉवेलच्या कारखान्यात माझी उमेदीची सगळी वर्षं सूत रंगवायच्या खात्यात गेली. माल एकसारखा रंगलाय की नाही हे सांगणारा डोळा माझा होता. मी त्यांना म्हटलं, तुमचा तीन आणि चार एकच आहे, मास्तर. मग मी बसून नवा पुठ्ठा केला आणि आकड्यांऐवजी नावं दिली: साय, लसणाची साल, कांद्याची साल, वांग्याचं फूल, वांगं, जांभूळ. त्यांना ती नावं शास्त्राला धरून वाटेनात. आठ दिवस कुरकुर केली. मग एकदा त्यांच्या वहीत बघितलं तर लिहिलेलं, 'चार वाजता, वांग्याचं फूल.'

हे सगळं ठीक होतं, तोवर तुझी छाती भरू लागली.

नववीत तू पळायला लागलीस. तुमची शाळा मंद्रूपच्या रस्त्यावर, गावाबाहेर, मैदान मोकळं. तिथं धूर नाही, गाड्या नाहीत, म्हणून मी खूश होते. सराव साडेतीनला. फेब्रुवारीत निवड होणार होती जिल्ह्याच्या संघाची, आणि तू घरी यायचीस ती छाती धरून, दाराच्या चौकटीला टेकून. डॉक्टरांनी फुंकायचं औषध दिलं. तुझी आई फोनवर म्हणाली, पळणं बंद कर. तू दोन दिवस जेवली नाहीस. मी मधे सापडले. मास्तरांनी मला विचारलं, किती वाजता पळते? मी सांगितलं. त्यांनी यंत्राकडं बघितलं आणि वेळ वहीत लिहून घेतली. दुसऱ्या दिवसापासून सिटी बसनं तुमच्या शाळेत जाऊन कुंपणाला छोटी पेटी टांगायला लागले.

पोरी तुला हसल्या ते मला माहीत आहे. "रेणूचे आजोबा कागद वाळत घालतात." तू घरी येऊन माझ्यावर ओरडलीस, त्यांच्यावर नाही.

त्याच आठवड्यात मास्तरांना ताप आला. कागद संपत आलेले, दुकानातून आणलेली खळीची पूड संपलेली. माणूस तापात गोधडीत पडून "कागद, कागद" करतोय. मला दया आली. म्हटलं, खळ तर मीही करते की, उभा जन्म खळीत गेला. पातेलंभर खळ शिजवली, त्यांच्या कागदांना लावली, वाळवली, मापात कापली. त्यांच्यापेक्षा सफाईदार. ते उठून बसले, पट्ट्यांवर हात फिरवला आणि म्हणाले, "अक्का, तुम्ही प्रयोगशाळेत पाहिजे होता." मी तीन दिवस हवेत होते.

अंगात कसर असताना ते शाळेत गेले. बरोबर कोंडलेल्या पट्टीचा डबा न्यायची ताकद नव्हती, म्हणून त्या एका आठवड्यापुरता त्यांनी तो टाळला. पट्टी टांगली, थेंब टाकले, नियमाप्रमाणं पाठ करून बसले. तासानं वळून बघतात तर जांभूळ. दुसऱ्या दिवशीही जांभूळ. तिसऱ्या दिवशी तेच. त्यांनी त्या तीन पट्ट्या तुमच्या मुख्याध्यापकांच्या टेबलावर ठेवल्या. मुख्याध्यापक घाबरले असणार, कारण पुढच्या सोमवारपासून सराव सकाळी आठला झाला.

आणि तुझी छाती सुटली, रेणू. आठ दिवसांत. तू जिना पळत चढलीस आणि मला वरून हाक मारलीस, दम न लागता. मी देवापुढं साखर ठेवली, वर जाऊन मास्तरांपुढंही ठेवली.

मास्तरांना ताकद आली, ते पुन्हा पट्टी कोंडायला लागले, आणि पुढच्या मंगळवारी दुपारी खाली आले, हातात स्टीलचा डबा. मी भांडी पुसत होते. डबा ओट्यावर ठेवला, झाकण काढलं.

"अक्का, कोंडलेलीपण जांभळी."

मला काही कळेना. म्हटलं, मग?

"डब्यात कुठनं येणार ओझोन? पट्टीतच काहीतरी आहे. खळीत काय घातलं होतं तुम्ही?"

"खळीत काय घालतात? पाणी, पीठ."

"आणखी?"

"आणखी काही नाही." मग माझंच मला आठवलं. "मोरचूद. चिमूटभर. तो घालतातच की, मास्तर. नाहीतर किडे लागतात."

अगं, तो घातलाय हे माझ्या हातालाच माहीत होतं, मला नव्हतं. कारखान्यात खळ शिजवली की वर निळ्या मोरचुदाची चिमूट पडणारच, मीठ घालावं तसं. तुझ्या वह्यांना कव्हरं घालायची खळ करायचे त्यातही असायची. मास्तर ओट्याला टेकले. मोरचूद आणि त्यांचं ते औषध एकत्र आलं की जांभळा रंग येतोच म्हणे. त्याला ना ऊन लागतं, ना धूर, ना ओझोन. तीनही दिवसांची जांभळं माझ्या चिमटीतली होती.

मी म्हटलं, जाऊ द्या. सराव सकाळी झाला ना? पोरीची छाती मोकळी झाली ना? तर ते चपला घालायला लागले. कुठं निघालात? शाळेत. सांगायला.

रेणू, मी त्या माणसाचा हात धरला. परपुरुषाचा हात मी आयुष्यात तेवढा एकदाच धरला असेल. म्हटलं, "मास्तर, निवड तीन आठवड्यांवर आहे. गप्प बसा. तुम्हाला कोण विचारायला येणार आहे?"

"कोण नाही येणार."

"मग?"

"पोरीला बरं वाटलं हे खरं आहे, अक्का. पट्टी खोटी होती हेपण खरं आहे. दोन्ही सांगतो."

"ते एकच ऐकतील."

"इर्ली बिड्री," म्हणाले आणि गेले.

मी म्हटलं तसंच झालं. मुख्याध्यापकांनी एकच ऐकलं. हसले म्हणे लई, शिपायाला बोलावून पुन्हा ऐकवलं आणि हसले. मास्तर, तुमच्या खळीनं आमची शाळा हलवली होती, म्हणाले. दुसऱ्या दिवसापासून सराव परत साडेतीनला. तिसऱ्या दिवशी तू चौकटीला टेकलेली. त्या संध्याकाळी तू वरच्या खोलीच्या दारात जाऊन त्यांना जे बोललीस ते मी जिन्यातून ऐकलं. खोटारडे म्हणालीस. तुमच्या चुकीमुळं माझं सगळं गेलं, म्हणालीस. त्यांनी मान डोलावली. मी जिन्यात उभी होते, रेणू. पुढं आले नाही.

इतका राग आला मला त्यांचा. खरं बोलायचं होतं तर संपूर्ण बोलायचं. चूक या बाईची आहे, असं म्हणायचं. दुसऱ्या दिवशी मी त्यांची वही उघडली. त्या तीन दिवसांवर तिरपी रेघ, आणि खाली बारीक अक्षरात: 'या पट्ट्या खोट्या. कारण खळीत मोरचूद. कोंडलेली पट्टी ठेवली नाही, चूक माझी.' मी वही त्यांच्यापुढं आपटली. म्हटलं, मोरचूद मी घातला. ते म्हणाले, "घातला तुम्ही. तपासायचं माझं काम होतं." आणि परत यंत्राकडं तोंड. भांडायलासुद्धा सोय नाही अशा माणसाशी.

मग मी साबुदाण्याची खळ केली, हात बांधून घेतल्यासारखी, मोरचुदाची पुडी शेजारणीकडं ठेवून. आम्ही दोघांनी पट्ट्या तपासल्या. कोंडलेली पांढरी राहिली. एक पेटी शहरात, विजापूर नाक्याजवळ, जिथं ट्रक उभे राहून धूर ओकतात, आणि एक तुमच्या शाळेच्या कुंपणाला. चारच्या सुमाराला नाक्याची पट्टी लसणाची साल, शाळेची वांग्याचं फूल. कधीकधी वांगं. मला वाटलं, पुन्हा माझंच काहीतरी चुकलं. धूर तिथं आणि रंग इथं? मास्तरांनी मला माझ्याच भाषेत सांगितलं. इडलीचं पीठ भिजवता तेव्हा लगेच आंबतं का? नाक्यावर धूर भिजतो, वाऱ्याबरोबर ऊन खात मैदानापर्यंत येतो, तोवर आंबतो. आणि नाक्यावर ताजा धूरच झालेला ओझोन खाऊन टाकतो. म्हणून जिथं आभाळ स्वच्छ दिसतं तिथं चारला पळू नये.

हे घेऊन ते परत मुख्याध्यापकांकडं. या वेळी मीही गेले, बाहेर बाकावर बसले. दार उघडं होतं. मुख्याध्यापक म्हणाले, मागच्या वेळी पण तुम्ही असंच सांगत होता.

"म्हणूनच सांगत नाही," मास्तर म्हणाले. "दहा दिवस मी येत नाही. पट्ट्या ह्या, औषध हे, डबा हा. एक टांगा, एक कोंडा. सकाळी आठला आणि दुपारी चारला. तुम्ही बघा."

"आणि रंग मला कसा कळणार?"

तेव्हा मी आत गेले आणि पुठ्ठा त्यांच्या टेबलावर ठेवला. साय ते जांभूळ. मुख्याध्यापक म्हणाले, वांग्याचं फूल मी कधी नीट बघितलंच नाही. मी म्हटलं, बघा.

दहा दिवस मास्तरांनी खरंच तिकडं पाऊल टाकलं नाही. ते वर आणि मी खाली, दोघं चिडचिडलेले. फोडणी जळली म्हणून ते बोलले, पंप वाजतो म्हणून मी बोलले. तू दोघांशीही बोलत नव्हतीस. अकराव्या दिवशी तू घरी येऊन दप्तर टाकलंस आणि सांगितलंस की उद्यापासून सराव सकाळी आठला. फळ्यावर लिहिलंय, 'उष्णतेमुळे.'

मी धावत वर. म्हटलं, उष्णतेमुळे लिहिलंय, तुमचं नावसुद्धा नाही, जाऊन सांगा त्यांना. मास्तर म्हणाले, "आठ वाजता लिहिलंय ना?"

बघ. स्वतःच्या पट्टीत एवढीशी खोट चालत नव्हती, आणि दुसऱ्याच्या फळ्यावर काहीही चाललं. डोकं धरायचं नाहीतर काय.

तू निवडीला तिसरी आलीस. मास्तर मैदानावर आले नाहीत. त्या दिवशी हवा कशी आहे ते बघत गच्चीवर बसले होते.

तू दहावी होऊन पुण्याला गेलीस त्याच्या पुढच्या वर्षी त्यांची नजर अंधुक झाली. शस्त्रक्रिया केली, तरी रंग पूर्वीसारखे दिसेनात. एकदा पट्टी माझ्यासमोर धरून विचारलं, "अक्का, ही साय की लसूण?" ती कांद्याची साल होती. मी सांगितलं. त्यांनी लिहून घेतलं, आणि त्याच आठवड्यात पुतण्याला अक्कलकोटहून बोलावलं. सामान एका रिक्षात मावलं. यंत्र मांडीवर घेऊन बसले, आणि दुपारच्या उन्हात, रिक्षाला छत असताना, छत्री उघडून यंत्रावर तिरपी धरली, बाजूनं ऊन येऊ नये म्हणून. त्यांचा अर्धा चेहरा उन्हात. मी म्हटलं, मास्तर, पेटी राहिली की वर. ते म्हणाले, पेटी गच्चीची आहे. रिक्षा वळली तेव्हा छत्रीचं एक टोक बाहेर आलेलं होतं आणि मास्तर ते आत ओढत होते. एवढंच दिसलं शेवटचं. पुढच्या वर्षी पुतण्याचा फोन आला.

रोज चारला मी पट्टी टांगते, रेणू, आणि एक डब्यात कोंडते. त्यांच्या वहीनंतरची तिसरी वही चालू आहे. आणि आता तुला कळलं, तुझं त्या वर्षी जे गेलं म्हणालीस ते कुणाच्या चिमटीतून गेलं होतं. तू त्यांच्या दारात जे बोललीस ते तू मला बोलायला हवं होतंस. त्यांनी घेतलं आणि मी घेऊ दिलं.

भंगारवाला परवा आला होता, मी त्याला पाणी दिलं आणि पाठवलं. कालची पट्टी कांद्याची साल होती की वांग्याचं फूल, हे मला खिडकीत नेऊनही सांगता आलं नाही. वहीत ती जागा मोकळी ठेवलीय आणि पट्टी डब्यात झाकून. मिठाईबिठाई काही आणू नकोस. शनिवारी ये, चारच्या आत ये, आणि या वेळी जिना चढ.